भिकननानांची फांदी

भिकननानांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. माझ्या डोक्याच्या वर बघितलं. मी नमस्कार केला, नाव सांगितलं, जळगावहून बदली होऊन आलोय, इथल्या हायस्कुलात भूगोल शिकवतो, हे शेजारचं घर भाड्यानं घेतलंय, असं सगळं रीतसर सांगितलं. नाना आपले माझ्या डोक्यावर दीड हात टक लावून उभे. मला वाटलं, पाल असेल. म्हणून मीही वर बघितलं. वर ओट्याचा पत्रा होता आणि त्याच्या वाशाला घरमालकानं कधीकाळी टांगलेली एक कुंडी होती.

"सर, दोन पावलं इकडे सरका," नाना म्हणाले.

मी सरकलो. मग त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं, छान हसले आणि म्हणाले, "आता बोला. काय नाव म्हणालात?"

त्या कुंडीची तार पुढे तीन वर्षांत कधी तुटली नाही. पण त्या दिवसापासून मी ओट्यावर त्या जागी एकदाही उभा राहिलेलो नाही. भीती ही खरुजेसारखी असते असं मला वाटतं. शेजाऱ्याला झाली की आपल्यालाही खाज सुटते.

नाना तेव्हा सत्तरीला टेकलेले. शिडशिडीत, पांढरा लेंगा-सदरा आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट. गाडीचं नव्हे, कारखान्यात घालतात तसलं. घराच्या दारापासून फाटकापर्यंत जायचं तर अंगणातल्या कडुनिंबाखालून जावं लागे, आणि तेवढ्या वीस पावलांसाठी नाना हेल्मेट घालत. दुधाची पिशवी आणायला हेल्मेट, पेपर उचलायला हेल्मेट. फाटकाबाहेर पडले की ते काढून फाटकाच्या खांबावर ठेवत आणि परत येताना पुन्हा घालत. गल्लीतल्या लोकांना त्याचं काही वाटत नसे. "नाना घरमा शेत का?" म्हणजे घरात आहेत का, असं कुणी विचारलं की शेजारीण खांबाकडे बघून सांगे, "नही, बाहेर गया. टोपी तठे शे."

ते एका जिनिंग मिलमध्ये तीसेक वर्षं स्टोअरकीपर होते. बायको, म्हणजे गल्लीची नानी, सहा वर्षांपूर्वी गेली. एकुलती मुलगी सुनंदा सुरतेला दिलेली. तेव्हापासून नाना एकटे. पण एकटा माणूस म्हणजे शांत माणूस, असं काही नाही. आमच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या ते भिंतीपलीकडून मोजत. "ताई, चार झाल्या! आता बंद करा!" अशी हाक आली की माझी बायको डाळ कच्ची राहिली तरी गॅस बंद करी. एसटीत नाना कायम मधल्या बाकावर बसत. पुढून ठोकली तर पुढचे जातात, मागून ठोकली तर मागचे. लग्नाला गेले तर मांडवाच्या बाहेर, फाटकाजवळ ताट हातात घेऊन उभ्याने जेवत, कारण बांबूचा भरोसा नही. "भरोसा नही" हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. पंख्याचा भरोसा नही, जिन्याचा नही, नव्या पुलाचा तर मुळीच नही.

आणि दुसरं आवडतं वाक्य, "पयले खालून!" त्याच्याकडे येतोच.

नानांच्या मधल्या खोलीची एक अख्खी भिंत म्हणजे त्यांचं दुकान. तिच्यावर ओळीनं खिळे, प्रत्येक खिळ्याला एक हत्यार, आणि सगळी हत्यारं एकाच कामाची, झाडाच्या फांद्या तोडायची. लिंबाच्या बागेत वापरतात ते सिकेटर तीन आकाराचे. लांब दांड्याची कात्री. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेला कोयता. बांबूला विळा बांधलेली आकडी. सुताराची करवत, वाकड्या पात्याची करवत, बांबूच्या टोकाला बसवायची करवत. फक्त कुऱ्हाड नव्हती. आणि यांतलं एकही हत्यार कधी झाडाला लागलेलं नव्हतं. सगळ्यांना तेल दिलेलं, दात घासलेले, दांडे गुळगुळीत. या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना हत्यारं दिली आणि संध्याकाळी मोजून परत घेतली. स्वतः चालवलं काहीच नाही.

मिलमधला नियम त्यांनी घरीही चालू ठेवला होता. तिथे कामगाराला हत्यार न्यायचं असलं की आपला पितळी बिल्ला द्यावा लागे. हत्याराच्या रिकाम्या खिळ्यावर तो बिल्ला लटके. बिल्ला दिसला की समजावं, वस्तू बाहेर गेली आहे आणि न्यायला आलेला माणूस ती आणून देणार आहे. माझी बायको एकदा गुलाब छाटायला सिकेटर मागायला गेली, तर नाना म्हणाले, "ताई, खिळा रिकामा ठेवता येत नही." ती बिचारी छत्री ठेवून आली. दुसऱ्यांदा मी गेलो तेव्हा चष्म्याचं घर ठेवलं आणि चष्मा पँटच्या मागच्या खिशात ठेवून त्याच्यावर बसलो.

त्या भिंतीच्या शेवटच्या खिळ्यावर एक खाकी कागदात बांधलेलं लांबट पुडकं होतं. सुतळीसुद्धा न सोडलेलं.

"यात काय?" मी विचारलं.

"ते नही," नाना म्हणाले आणि मला चहा द्यायला आत गेले.

आता त्या फांदीचं सांगतो. नानांच्या कडुनिंबाची एक जाड फांदी, माझ्या मांडीएवढी, आडवी वाढत वाढत आमच्या मागच्या खोलीवर आली होती. त्या खोलीवर पत्रे आहेत आणि त्या पत्र्यांखाली माझी खाट आहे. शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी तिथे आडवा होतो. खानदेशातली चैत्र-वैशाखाची दुपार. बाहेर गरम वारा सुटलेला आणि वर ती फांदी पत्र्यावरून हळूच घासतेय, कर्र्र, थांबतेय, पुन्हा कर्र्र. पहिली दोन वर्षं मला तो आवाज आवडायचा. तिसऱ्या वर्षी माघात नानांनी मला काठीच्या टोकानं दाखवलं, फांदी जिथे बुंध्यातून निघते तिथे वरच्या अंगाला भेग पडली होती. माझा तळहात मावेल एवढी.

"वैशाखात वारं सुटलं की हिचा भरोसा नही," नाना म्हणाले.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मी खाट भिंतीकडे सरकवली. मग दाराकडे सरकवली. शेवटी पुढच्या खोलीत नेली, तिथे बायकोनं ती ठेवू दिली नाही.

"नाना, मग तोडून टाका ना," मी म्हणालो.

"तोडायचीच शे. हत्यार ठरू द्या."

हत्यार ठरेना. रोज संध्याकाळी नाना एक हत्यार घेऊन आमच्या ओट्यावर येत, त्या कुंडीपासून लांब बसत आणि त्या हत्याराची उलटतपासणी करत. कोयता? कोयत्यानं घाव बसतो, काप बसत नही, लाकूड फाटतं आणि झाडाला कीड लागते. सुताराची करवत? ती वाळलेल्या लाकडाची, ओल्या फांदीत अडकून बसेल, मग ना पुढे ना मागे, आणि आपण शिडीवर. सिकेटर बोटाएवढ्या काडीला. लांब कात्री अंगठ्याएवढीला. बांबूवरच्या करवतीनं खाली उभं राहून कापता येतं, पण मग माणूस फांदीच्या बरोब्बर खाली, आणि भुसा डोळ्यात. हे ऐकता ऐकता आमचा चहा व्हायचा, कधी जेवणही व्हायचं. बायको म्हणायची, यांना फांदी तोडायची नाहीये, यांना बोलायला कोणीतरी पाहिजे. मी म्हणायचो, मग मला मरायला सांगतेस का?

एका रविवारी ते मला घेऊन धुळ्याला गेले. आग्रा रोडला हत्यारांचं एक मोठं दुकान आहे असं त्यांना कळलं होतं. मधल्या बाकावर बसून आम्ही गेलो. दुकानदारानं करवती मांडल्या. नानांनी एकेक हातात घेतली, दातांवरून अंगठा फिरवला, कानाशी धरून टिचकी मारून ऐकली.

"ही ढकलताना कापते की ओढताना?"

"आजोबा, दोन्हीकडून कापते."

"मंग हिचा भरोसा नही. वर चढलेल्या माणसानं ढकललं का तोल जातो. ओढताना कापणारी दाखवा."

दुकानदारानं दाखवली. नानांनी विचारलं, हिनं खालून काप घेता येतो का? दुकानदार म्हणाला, खालून कशाला, वरून घ्या की. हे ऐकल्याबरोबर नानांचा चेहरा उतरला. ती करवत त्यांनी अलगद काचेवर ठेवली आणि म्हणाले, "चला सर." दोन तास गेले होते. दुकानदारानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांना बिघडवलं होतं.

आता "पयले खालून" म्हणजे काय ते सांगायलाच हवं. जाड फांदी तोडताना पहिला काप खालच्या अंगानं घ्यायचा, थोडाच, मग वरून कापायचं. नुसतं वरून कापलं तर फांदी अर्धी तुटली की वजनानं खाली लोंबते आणि जाताना बुंध्याची साल सोलून नेते. नानांनी हे मला किमान पन्नास वेळा सांगितलं होतं. सगळ्या आयुष्याला त्यांनी हा नियम लावला होता. डॉक्टरनं काय होतंय विचारलं की नाना पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करत. पेपरही पानाच्या तळापासून वाचत, म्हणजे पयले हवामान आणि मग मुख्यमंत्री.

चैत्र संपत आला. एका दुपारी वावटळ आली, गल्लीतली धूळ वर उठली आणि आमच्या पत्र्यावर धाड्‌ असा आवाज झाला. मी खाटेवरून उडी मारून बाहेर आलो, चप्पल न घालता. फांदी पडली नव्हती, नुसती आपटली होती. पण माझं डोकं फिरलं. मी झाडं तोडणाऱ्या एका माणसाला फोन केला, तो तासाभरात कुऱ्हाड घेऊन आला, आणि नाना हेल्मेट घालून फाटकात आडवे उभे राहिले.

"कुऱ्हाड नही," ते म्हणाले. "माझ्या झाडाला कुऱ्हाड लागणार नही."

"नाना, तुमचं झाड माझ्या डोक्यावर पडतंय!"

"माले माहीत शे."

"मग? तीन महिने झाले! तुम्हाला हत्यार निवडायचं नाहीये. तुम्ही नुसते घाबरट आहात, दुसरं काही नाही!"

मी हे गल्लीच्या देखत बोललो. कुऱ्हाडवाला निघून गेला. नाना माझ्या डोक्याच्या वर बघत राहिले, आणि मला आजही त्याची लाज वाटते, की रागाच्या भरातही मी वर काय आहे ते बघितलं.

संध्याकाळी ते स्वतःच आले. हातात हत्यार नव्हतं, मोबाइल होता. खाली बसून ते म्हणाले, "सर, तुम्ही बोललात ते खरं शे. मी घाबरट शे. पण पयले खालून सांगतो."

मिलच्या आवारात एक चिंच होती. रामदास नावाच्या माळ्याला तिची फांदी तोडायची होती. तो करवत मागायला आला, करवत बाहेर गेलेली होती, खिळ्यावर दुसऱ्याचा बिल्ला. नानांना घरी जायची घाई होती. ते म्हणाले, कुऱ्हाड ने. रामदासनं वरून घाव घातले, फांदी अर्धी तुटली, साल सोलत खाली आली आणि हेलकावा खाऊन त्याच्या कमरेत बसली. रामदास वाचला. पण पुढे कायम लंगडत चालला. हत्यार परत द्यायला त्याची बायको आली होती. नानांनी कुऱ्हाड घेतली आणि बिल्ला तिच्या हातात दिला.

"त्याच्यानंतर माझं वर बघणं सुरू झालं, सर," नाना म्हणाले. "ते काही जात नही."

मग त्यांनी मोबाइल पुढे केला. "आणि आता हे ऐका." सुनंदानं माघातच पाठवलेला आवाज होता. मी तो ऐकला आणि मला सगळी फांदी समजली.

"नाना, आखाजीला येतेय," सुनंदा म्हणत होती. "तनूला घेऊन येतेय. पण एक गोष्ट. मागल्या खेपेला तीन वर्षांची होती, चार दिवस राहिली तुमच्याजवळ, आणि घरी येऊन सहा महिने पंख्याखाली झोपली नाही. अजून जिना चढताना कठडा हलवून बघते. सात वर्षांची पोर, नाना! म्हणून मी आले नाही एवढे दिवस, रागानं नाही. यंदा तिला झोका बांधा. नानी मला बांधायची तसा. आणि तिला बसू द्या. 'उतर, पडशील' असं एकदा जरी म्हणालात ना, तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं मी परत."

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा लेकीबाळींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि नानी दरवर्षी सुनंदाचा झोका बांधायची तो याच फांदीला. झाडाची तेवढीच एक फांदी आडवी, हाताला येणारी. म्हणजे फांदी ठेवावी तर नात तिच्यावर बसणार आणि भेग मोठी होत चाललेली. तोडावी तर झोका कशाला बांधायचा? आणि झोका नाही तर लेक येणार नाही. नाना तीन महिने हत्यार निवडत नव्हते. ते दिवस ढकलत होते.

"दुसऱ्या बाजूची वरची फांदी आहे की," मी म्हणालो.

"तिचा..." नाना म्हणाले आणि थांबले. ओट्यावरची कपबशी त्यांनी उचलली आणि न पिताच परत ठेवली.

आखाजीला पाच दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत रजा टाकली आणि शिडी घेऊन नानांच्या दारात गेलो. नाना त्या भिंतीसमोर उभे होते. पहिल्या खिळ्यापासून शेवटच्यापर्यंत त्यांनी एकदा बघितलं, मग शेवटचं पुडकं काढलं आणि सुतळी सोडली. आत घडीची करवत निघाली. नवीकोरी, वाकड्या पात्याची, ओढताना कापणारी. वर चिठ्ठी होती: 'नाना, आता तरी हत्यार मिळालं म्हणा. सुनी.' फांदी तोडायला हत्यार मिळत नाही असं नाना तेव्हापासून तिला फोनवर सांगत, म्हणून ती तिनं सांगूनसवरून सुरतेहून कुरिअरनं पाठवली होती, चार वर्षांपूर्वी.

"उघडली का नव्हती?" मी विचारलं.

"उघडली असती तर तोडायलाच लागली असती ना, सर."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि त्या रिकाम्या खिळ्यावर लटकवलं. स्वतःच्या वस्तूलासुद्धा नियम तोच.

मग जे झालं ते मी कुणाला नीट सांगू शकत नाही, कारण बराच वेळ माझे डोळे मिटलेले होते. आम्ही फांदीला दोर बांधून तो वरच्या खोडावरून घेतला, त्याचं टोक माझ्या कमरेला. नाना शिडीवर. शिडी थरथरत होती. नाना थरथरत होते म्हणून ती थरथरत होती, आणि मी तिला धरून होतो म्हणून आणखी थरथरत होती. माझी बायको ओट्यावरून ओरडत होती, "अहो, दोघंही मराल!" गल्ली गोळा झाली होती, पण झाडाखाली कुणी येईना, नानांच्या इतक्या वर्षांच्या शिकवणीचा तो परिणाम.

"पयले खालून," नाना स्वतःशीच म्हणाले.

खालचा काप झाला. मग वरचा. करवत ओढली की भुसा माझ्या मानेत पडायचा. प्रत्येक चार ओढींनंतर नाना थांबत आणि विचारत, "सर, शेत का?" मी म्हणे, "आहे." तासभर तसं चाललं. शेवटी एक कर्कश आवाज आला, दोराला हिसका बसला, मी तीन पावलं पुढे ओढला गेलो, आणि फांदी दोराला लोंबकळत हळूच अंगणात उतरली. जाताना तिचं एक टोक आमच्या पत्र्याला टेकून गेलं, नेहमीसारखं, कर्र्र करून. मला उगाच वाईट वाटलं.

नाना शिडीवर तसेच उभे होते. कापाच्या जागी हात फिरवत होते. "साल गेली नही, सर," ते म्हणाले. "बघा, बिलकूल गेली नही."

मग वरच्या फांदीची परीक्षा सुरू झाली. झोका बांधला. आधी त्याच्यावर ज्वारीचं एक पोतं ठेवलं, दिवसभर. मग दोन पोती. मग गल्लीतलं सर्वांत जड माणूस म्हणून मला बसवलं. मी दोर घट्ट धरून, पाय जमिनीला टेकवून बसलो तर नाना म्हणाले, "पाय उचला, सर, नही तर फांदीला काय कळणार?" उचलले. देवाचं नाव घेतलं. भूगोलात गुरुत्वाकर्षण शिकवणं वेगळं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सुरतेच्या गाडीनं मायलेकी आल्या. फाटक उघडून तनू आत आली. बारीक, दोन वेण्या, गुलाबी हेअरबँड. नाना ओट्यावर उभे होते. तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. मान वर करून त्यांच्या डोक्याच्या वर बघितलं.

मला ते बघवलं नाही. नानांनाही नसावं, कारण ते खाली बसले.

दुसऱ्या दिवशी घागरीची पूजा झाली. नानीच्या नावानं भरलेली घागर, वर डांगर, म्हणजे खरबूज. पुरणपोळी-आमरस झाला आणि गल्लीतल्या पोरी झोक्यासाठी जमल्या. तनू झोक्याजवळ गेली. दोर हलवून बघितला. फळी दाबून बघितली. मग वर बघत तिनं विचारलं, "आजोबा, ही फांदी पक्की आहे का?"

आवाज सगळा तिचा, वाक्य सगळं नानांचं. सुनंदा दारात उभी होती, तिनं ओठ आवळून धरले. मी नानांकडे बघितलं. या माणसानं आयुष्यात कशाबद्दलही 'पक्कं आहे' असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी हेल्मेट काढलं, माझ्या हातात दिलं, उघड्या डोक्यानं कडुनिंबाखाली गेले आणि झोक्यावर बसले. दोन्ही पाय उचलले. झोका मागे गेला, पुढे आला. पांढरा लेंगा फडफडला. पोरी हसायला लागल्या, आणि तनूही हसली.

"पक्की शे, माय," नाना म्हणाले. "बठ."

ती बसली. पयले हळू, मग जोरात. गल्लीतल्या पोरी तिला झोके देऊ लागल्या. नाना माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि त्यांनी ताटातली एक आख्खी रव्याची सांजोरी तोंडात कोंबली. ती संपायच्या आत दुसरी कोंबली. झोका उंच गेला की त्यांच्या गळ्यातून "उ..." असा आवाज यायचा आणि सांजोरीत अडकायचा. त्यांनी माझा हात धरला होता. दोन दिवस माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ होते. पण 'उतर' हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही.

तिसऱ्या दिवशी त्या निघाल्या. तनूला ते हेल्मेट हवं होतं. तिनं ते घातलं, आरशात बघितलं आणि म्हणाली, शाळेत दाखवणार. सुनंदा रागवली, पण नाना तनूला हात धरून मधल्या खोलीत घेऊन गेले. हेल्मेटसाठी भिंतीवर खिळा नव्हता. नानांनी एक नवा ठोकला. मग तनूला नियम समजावून सांगितला. तिनं थोडा विचार केला, डोक्यावरचा गुलाबी हेअरबँड काढला आणि टाचा उंचावून त्या खिळ्यावर लटकवला.

त्यानंतर आठेक दिवसांनी मी सिकेटर मागायला गेलो. संध्याकाळची वेळ. नाना उघड्या डोक्यानं अंगणातून आले, झाडाखाली क्षणभर थांबले, वर बघितलंच, पण आले. मी सिकेटर काढलं आणि चष्म्याचं घर अडकवायला गेलो, तर त्या ओळीत जागा फार कमी. मी तो हेअरबँड जरा बाजूला सरकवायला हात पुढे केला.

"सर, त्याला हात नका लावू," नाना घाईघाईनं म्हणाले. मग जरा थांबून, माझ्या तोंडाकडे बघत, "वस्तू बाहेर गेली शे. दिवाळीला आणून देणार शे ती."